संचारी की स्थायी? : आईची काळजी आणि मराठी साहित्य

१

मराठी साहित्यात आई सर्वत्र आढळते. वारकरी परंपरेने ज्ञानेश्वरांना माउली म्हटले, जनाबाईला विठ्ठल लेकुरवाळ्या रूपात दिसला, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात माधव ज्यूलियन व यशवंत यांच्या आईवरील कवितांनी मराठी शाळकरी मनावर कायमचा ठसा उमटवला. या सर्व परंपरेत एक गोष्ट समान आहे. बोलणारा नेहमी मूल असतो. भक्त हा देवाचे लेकरू होऊन बोलतो. आधुनिक कवी पोरका मुलगा होऊन बोलतो. माधव ज्यूलियनांच्या आणि यशवंतांच्या कवितांत तर आई हयातच नाही. तिच्या नसण्यातून कविता जन्मते, आणि तिच्या नसण्यामुळेच तिला दोषरहित, पूर्ण व प्रेममय असे रूप प्राप्त होते. आई साहित्यात प्रवेश करते ती बहुधा आठवण होऊन.

आठवणीतल्या आईला मात्र दिवस नसतो. सकाळी मूल उठले, त्याने दूध ओकले, त्याचे अंग किंचित गरम लागले, चुलीवरचे करपले, धाकट्याने थोरल्याला ढकलले, आणि या सगळ्यात मध्येच केव्हातरी धाकटा पहिले पाऊल टाकून हसला, असा जो काळ लहान मुले वाढवणारी स्त्री जगते तो आठवणीच्या रचनेत टिकत नाही. आठवण निवड करते, निवडलेल्याला अर्थ देते आणि अर्थाला शेवट देते. आईच्या दिवसाला असा शेवट नसतो. तो दुसऱ्या दिवशी जवळजवळ तसाच पुन्हा सुरू होतो. आईच्या या रोजच्या आनंदाला आणि काळजीला मराठी साहित्याने कोणता घाट दिला, आणि मराठी समीक्षेला तो ओळखता आला काय, हा येथे विचारात घ्यावयाचा प्रश्न आहे.

२

या प्रश्नाकडे जाण्यासाठी संस्कृत साहित्यशास्त्रातील एक नोंद उपयोगी पडते. चौदाव्या शतकातील विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त वत्सल हा स्वतंत्र रस मानला. वत्सलता म्हणजे अपत्यविषयक स्नेह हा त्याचा स्थायीभाव. मूल हे आलंबन. मुलाच्या लीला व गुण हे उद्दीपन. आलिंगन, मस्तकाचे चुंबन, एकटक पाहणे, आनंदाश्रू हे अनुभाव. संचारी भावांत त्याने अनिष्टशंका, हर्ष आणि गर्व यांचा निर्देश केला आहे. अनिष्टशंका म्हणजे मुलाचे काही वाईट तर होणार नाही ना, ही धास्ती. विश्वनाथाच्या मते ती संचारी आहे. म्हणजे स्नेहाच्या समुद्रावर लाटेसारखी उठते आणि विरते. समुद्र शांतच असतो.

शास्त्रकाराने ही शंका नोंदवली, यात त्याची सूक्ष्म दृष्टी दिसते. पण तिला दिलेले स्थान कोणाच्या जागेवरून दिले आहे, हे पाहणे आवश्यक आहे. रसचर्चेतील वात्सल्याचा आश्रय हा बहुधा मुलाकडे पाहू शकणारा, म्हणजेच पाहण्यासाठी उसंत असलेला मनुष्य आहे. मूल अंगणात खेळते, तो त्याकडे पाहतो, हर्ष पावतो, क्षणभर शंकतो आणि पुन्हा हर्ष पावतो. मुलाला आंघोळ घालणारी, त्याला कडेवर घेऊन पाणी आणणारी, त्याच्या खोकल्याचा आवाज झोपेतही ओळखणारी स्त्री ही अशी प्रेक्षक नाही. तिच्या बाबतीत शंका येते व जाते असे म्हणता येणार नाही. ती सतत असते आणि तिच्या पोटात हर्ष येतो व जातो. रसव्यवस्थेच्या परिभाषेतच बोलायचे तर, आईच्या जागेवरून पाहिल्यास अनिष्टशंका स्थायी ठरते आणि हर्ष संचारी. स्नेह या दोहोंच्या तळाशी आहेच. परंतु तो ज्या रूपात रोज व्यक्त होतो ते रूप काळजीचे आहे. मराठीत 'काळजी' हा शब्द चिंतेलाही वापरतात आणि जपणुकीलाही. मुलाची काळजी वाटणे आणि मुलाची काळजी घेणे ही दोन्ही कामे एकाच शब्दाने सांगितली जातात. भाषेने जे एकत्र ठेवले ते शास्त्राने वेगळे केले, असे म्हणण्यास जागा आहे.

पाश्चात्त्य स्त्रीवादी विचारात हा प्रश्न निराळ्या वाटेने पुढे आला. एड्रिएन रिच यांनी 'ऑफ वुमन बॉर्न' (१९७६) या ग्रंथात मातृत्व ही संस्था आणि मातृत्व हा अनुभव यांत भेद केला. सारा रडिक यांनी 'मॅटर्नल थिंकिंग'मध्ये (१९८९) मातृकार्याला विचाराचा दर्जा दिला. मुलाचे जतन, मुलाची वाढ आणि समाजाला मान्य होईल असे त्याचे घडणे, या तीन मागण्यांना आई उत्तर देत असते आणि या मागण्या पुष्कळदा परस्परविरोधी असतात, असे त्यांचे प्रतिपादन आहे. या मांडणीचे मराठी संहितांवर यांत्रिक आरोपण करण्याचे कारण नाही. तथापि वत्सल रसाच्या चर्चेत जे राहून गेले, म्हणजे आईची शंका ही केवळ भावना नसून निर्णय घेण्याची एक रीत आहे, ते या मांडणीमुळे स्पष्ट होते.

३

साने गुरुजींनी 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात १९३३च्या फेब्रुवारीत अवघ्या पाच दिवसांत लिहिली. ती १९३५ साली प्रसिद्ध झाली. तिची रचना रात्रींची आहे. दिवसाची कामे संपल्यावर आश्रमातील सोबत्यांना श्याम आपल्या आईच्या गोष्टी सांगतो. ही चौकट अर्थपूर्ण आहे. आईचा दिवस येथे मुलाची रात्र होऊन येतो. कामाचे रूपांतर कथेत आणि कथेचे बोधात होते.

आंघोळीचा सुपरिचित प्रसंग पाहावा. नुकत्याच धुतलेल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून श्याम हट्ट धरतो, आई आपले लुगडे धोंड्यावर पसरते, आणि पायांना घाण लागू नये म्हणून जपतोस तसे मनालाही जप, असे सांगते. प्रसंगाचे सामर्थ्य वादातीत आहे. परंतु त्यातील घटकांचा क्रम लक्षात घेतला पाहिजे. हट्टी मूल, संध्याकाळची घाई, ओले लुगडे, ही सर्व सामग्री आईच्या दिवसाची आहे. निवेदनात ती एका वाक्याकडे धावते, आणि ते वाक्य आले की सामग्रीचे काम संपते. लुगड्याचे पुढे काय झाले, हा प्रश्न या रचनेत उद्भवू शकत नाही.

पोहण्याचा प्रसंग याहून बोलका आहे. श्याम पाण्याला भितो. आई त्याला मारून विहिरीकडे पाठवते, कारण आपल्या मुलाला कोणी भित्रा म्हणावे हे तिला सहन होत नाही. रडिक यांच्या तीन मागण्यांपैकी दोन येथे आमनेसामने येतात. जतनाची मागणी मुलाला पाण्यापासून दूर ठेवा म्हणते. समाजमान्यतेची मागणी त्याला पाण्यात ढकला म्हणते. आईने दुसरी निवडली. ही निवड करताना तिच्या मनाचे काय झाले असेल? पहिल्या मागणीचे ओझे तिने कोठे ठेवले असेल? उडी मारणाऱ्या मुलाची भीती निवेदनात तपशिलाने आहे, कारण निवेदक तो मुलगा आहे. त्याला पाठवून मागे राहिलेल्या स्त्रीची ती घटका मात्र निवेदनाच्या कक्षेबाहेर राहते. मुलगा परत येतो तेव्हा आई भेटते ती निर्णय झालेली, समजूत घालणारी, पुन्हा वत्सल झालेली. अनिष्टशंका संचारी भासते, कारण ती जेथे स्थायी होती त्या जागी निवेदक नव्हता.

हा 'श्यामची आई'चा दोष मानण्याचे कारण नाही. मुलाच्या स्मृतीने आईला दिलेले ते रूप आहे आणि त्या रूपाशी ही कृती प्रामाणिक आहे. दोष वाचनपरंपरेचा आहे. या पुस्तकाला मराठी मातृत्वाचे चित्र मानले गेले; वास्तविक ते मराठी पुत्रत्वाचे चित्र आहे.

४

याच लेखकाच्या हातून दुसरे एक काम झाले, याकडे मराठी समीक्षेचे पुरेसे लक्ष गेले नाही. १९४०च्या सुमारास साने गुरुजींनी 'स्त्री जीवन' या नावाने बायकांच्या ओव्यांचा मोठा संग्रह दोन भागांत प्रसिद्ध केला. श्यामच्या आईची गोष्ट सांगणारा मुलगा येथे बाजूला बसून असंख्य आयांचे ऐकतो आहे. एकाच लेखकाच्या नावावर मातृत्वाच्या या दोन संहिता आहेत. एकीत मुलगा बोलतो, दुसरीत आई. दोन्ही शेजारी ठेवून वाचल्यास फरक आशयाइतकाच घाटाचा आहे हे ध्यानात येते.

जात्यावरची ओवी दोन-तीन ओळींत संपते. ती संपते म्हणजे थांबते. दळण चालूच असते आणि पुढची ओवी येते. तिला कथानक नाही, चरम बिंदू नाही. लेकरू रांगते, उंबरा ओलांडते, अंगणात धुळीने माखते, शेजारणीकडे जाते, तापाने फणफणते, बरे होऊन पुन्हा दाराशी उभे राहते. मुलगा राघू होतो, मुलगी मैना होते. राघूच्या ओव्यांत आधार मिळण्याची आशा आहे, मैनेच्या ओव्यांत ती उडून जाण्याची, सासरी तिचे कसे होईल याची भीती. आज पाळण्यात असलेल्या मुलीचा सासुरवास आईने आजच मनात सोसायला घेतलेला असतो. शंकेचे स्थायित्व म्हणतात ते हेच.

या ओव्यांतील दृष्टीचा संकेत विशेष विचारार्ह आहे. मूल सुंदर दिसते, आई त्याचे कौतुक करते, आणि लगेच त्याला दृष्ट लागेल म्हणून भिते. गालावर काजळाची तीट लावते, मीठ-मोहऱ्या ओवाळते. या संकेताकडे आजवर लोकसमजूत किंवा अंधश्रद्धा म्हणून पाहिले गेले. काव्यशास्त्राच्या अंगाने पाहिले तर येथे हर्ष आणि शंका यांचे नाते एका कृतीत बांधलेले दिसते. हर्ष व्यक्त झाला की तोच शंकेचे कारण होतो. शिवाय दृष्ट परक्याचीच लागते असे नाही. मायेने पाहणाऱ्याची, अगदी आईची स्वतःचीही लागते अशी समजूत आहे. म्हणजे वत्सल रसाचा जो प्रमुख अनुभाव, मुलाकडे एकटक पाहणे, तोच येथे धोक्याचा ठरतो. आईला पाहायचे असते आणि पाहण्याची भीतीही वाटते. तीट हा या कोंडीवरचा उपाय आहे. सौंदर्यावर जाणूनबुजून ठेवलेला डाग म्हणजे तीट. आणि ओवीतील कौतुकाच्या ओळीला लागून येणारी काळजीची ओळ हे तिचे शब्दरूप. ज्या समाजात जन्मलेल्या मुलांपैकी किती जगतील याची खात्री नव्हती, त्या समाजातील बायकांनी आनंद उच्चारण्याची शोधलेली ही सुरक्षित रीत होती.

मर्ढेकरांच्या सौंदर्यविचाराने संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांवर कलाकृतीची एकात्मता तपासावी असे सांगितले. त्या विचारव्यूहात सुटी ओवी ही फार तर एखादी सुंदर प्रतिमा ठरते आणि ओव्यांची माळ ही कच्ची सामग्री. परंतु ओवीची लय संहितेत शोधून सापडणारी नाही. ती हाताच्या फिरण्यात आहे, आणि तो हात मध्येच रडणाऱ्या मुलाकडे वळतो तेव्हा तुटते. व्यत्यय हा या घाटाचा अपघात नसून त्याची अट आहे. केव्हाही सोडता यावे आणि केव्हाही पुन्हा उचलता यावे, असाच घाट लेकुरवाळीला परवडतो. टिली ओल्सन यांनी 'सायलेन्सेस'मध्ये (१९७८) मातृत्वातील अखंड व्यत्ययामुळे न लिहिल्या गेलेल्या साहित्याचा शोध घेतला. मराठी ओवीचे उदाहरण त्या मांडणीला एक पुरवणी जोडते : व्यत्ययाने साहित्य जसे गप्प झाले तसे काही साहित्य व्यत्ययाच्या मापाने घडलेही.

हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांनी पुण्याच्या परिसरातून सुरू केलेल्या संकलनात एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या, आणि २०१७पासून 'पारी' या संकेतस्थळावर त्या गायिकांच्या नावांसह व आवाजांत प्रसिद्ध होऊ लागल्या. आवाज परत मिळाल्याने ओवीचा अभ्यास छापील संग्रहाच्या मर्यादेतून सुटला. मात्र पिठाच्या गिरणीने जाते थांबवले तेव्हा कष्ट गेले आणि त्या कष्टाने उपलब्ध करून दिलेली बोलण्याची जागाही गेली. काळजी गेली नाही. तिचा घाट गेला.

५

'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली. म्हणजे लक्ष्मीबाई टिळक आणि साने गुरुजी यांची ही पुस्तके एकाच वेळी मराठी वाचकासमोर आली. एका बाजूला मुलाने सांगितलेली आई, दुसऱ्या बाजूला आईने सांगितलेला संसार. हा योगायोग वाङ्मयेतिहासात क्वचितच एकत्र पाहिला जातो.

'स्मृतिचित्रे' हीही आठवणच आहे. पण येथे आठवणारी व्यक्ती मुलाच्या मागे धावणारी आहे. १८९५ साली नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले. लहानग्या दत्तूला घेऊन लक्ष्मीबाई वियोगाची वर्षे नातलगांच्या आश्रयाने काढतात. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा १९०० सालचा. धर्मांतराचा हा प्रचंड प्रश्न त्यांच्या निवेदनात तत्त्वचर्चा होऊन येत नाही. कोणी कोणाच्या हातचे खायचे, मुलाला कोठे ठेवायचे, उद्या काय शिजवायचे, अशा घरगुती परिमाणात तो मोजला जातो. पुढे अहमदनगरच्या त्यांच्या घरी बालकवी ठोंबरे मुलासारखे राहिले. कवी म्हणून ज्याचे चरित्र मराठीने स्वप्नाळू करून ठेवले त्याला येथे घरातल्या पोराची जागा मिळते.

लक्ष्मीबाईंच्या विनोदाची वाखाणणी सर्वांनी केली आहे. प्रसन्नता, निर्मळपणा, खेळकरपणा ही त्यासाठी वापरलेली विशेषणे चुकीची नाहीत. पण ती अपुरी आहेत. हा विनोद पुष्कळदा नेमका अशा ठिकाणी येतो की जेथे काळजीला दुसरी वाट उरलेली नसते. एखादे संकट पूर्ण उच्चारले तर ते पेलवणार नाही, म्हणून त्याच्या कडेचा हास्यास्पद तपशील उचलायचा, अशी ही रीत आहे. ओवीत तिटेने केले ते येथे विनोदाने केले. दोन्हींत भावना झाकली जाते आणि झाकण्याच्या कृतीतूनच तिची तीव्रता कळते.

बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'मध्ये हा झाकण्याचा अवकाशही शिल्लक नाही. 'स्त्री' मासिकातून १९८२ साली क्रमशः आणि १९८६ साली पुस्तकरूपाने आलेल्या या आत्मकथनात महारवाड्यातील बाळंतपणाचे चित्रण आहे. वयाने स्वतःच मूल असलेली बाळंतीण, प्रसूतीतील अघोरी उपाय, आणि त्यानंतरची भूक. बाळंतिणीला खायला नसते, म्हणून दूध नसते, म्हणून मूल रडते. वत्सल रसाची सारी सामग्री येथे उपस्थित आहे : माता आहे, मूल आहे, मस्तक हुंगणे आहे. तरी रस निष्पन्न होत नाही, कारण स्थायीभावाला लागणारे किमान अन्न नाही. शंका येथे मनाची अवस्था उरत नाही. ती जातिव्यवस्थेने घरात आणून ठेवलेली वस्तुस्थिती असते. निवेदनही एका आईचे नाही. 'आमुचं' या शीर्षकातील अनेकवचन अक्षरशः घ्यावे लागते. दहा मुलांची आई असलेल्या या लेखिकेने फलटणच्या दुकानात बसून, घरच्यांच्या नजरेआड, आपले लेखन केले आणि सुमारे वीस वर्षे ते दडवून ठेवले. ओवीला व्यत्यय सांभाळावा लागत होता. या लेखनाला व्यत्यय आणि धाक दोन्ही.

उर्मिला पवारांच्या 'आयदान'मध्ये (२००३) आई बांबूच्या वस्तू विणते. तिचे विणणे मुलांच्या पोटासाठी आहे, आणि मुलाच्या मृत्यूनंतरही ते थांबत नाही. आईची वीण आणि आपले लेखन यांचे नाते लेखिकेने स्वतःच सांगितले आहे. येथे प्रथमच मुलीने आईला आठवताना तिच्या शिकवणीपेक्षा तिचे हात अधिक आठवले आहेत. पुत्राच्या स्मृतीतून आलेली आई बोलते. कन्येच्या स्मृतीतून आलेली आई काम करते. हा भेद नियम म्हणून मांडणे धाडसाचे होईल, पण तपासण्याजोगा आहे.

६

या संहितांतून फिरल्यावर एक साधा प्रश्न समीक्षेचे साधन म्हणून हाती येतो : आई काम करते तेव्हा मूल कोठे असते? 'श्यामची आई'त मूल दृश्याच्या मध्यभागी असते आणि काम त्याच्याभोवती फिरते. जात्यावर मूल मांडीवर किंवा हाताच्या अंतरावर असते, म्हणून ओवी त्याला उद्देशून म्हणता येते. 'स्मृतिचित्रां'त ते पायांत घोटाळते. 'जिणं आमुचं'मध्ये ते उपाशी कुशीत असते. मुलाचे हे स्थान संहितेचा घाट ठरवते.

हा प्रश्न आणखी एका प्रदेशाला लावून पाहणे आवश्यक आहे, कारण आतापर्यंतची उदाहरणे कोकण, देश आणि दख्खनच्या पठारावरील आहेत. महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला, भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात, आंबागड आहे. देवगडच्या गोंड राजा बख्त बुलंदचा सुभेदार राजा खान पठाण याने १७००च्या सुमारास बांधलेला किल्ला ही या गावाची लिखित ओळख. किल्ल्याला बांधणारा आहे, साल आहे, पुढे भोसल्यांनी त्याचा तुरुंगासारखा केलेला उपयोगही नोंदलेला आहे. किल्ल्याखालच्या वस्तीत मुले वाढवणाऱ्या बायकांची अशी नोंद नाही. त्यांच्या शब्दांकडे जायचे तर त्यांच्या कामाकडूनच जावे लागते.

हा धानाचा मुलूख आहे. येथे जाते होतेच. पण घराचे मुख्य धान्य धान असल्याने दळणाइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व कांडणाला होते. कांडण उभ्याने होते. मुसळ वर जाते आणि खाली येते, आणि त्या कक्षेत मूल येऊन चालत नाही. जाते मुलाला जवळ घेते, उखळ त्याला दूर ठेवते. आषाढ-श्रावणातील रोवणीत हे अंतर आणखी वाढते. बाया चिखलात वाकून, ओळीने मागे सरकत पऱ्हे लावतात. तान्हे मूल बांधीच्या धुऱ्यावर, झाडाला बांधलेल्या झोळीत किंवा जरा मोठ्या बहिणीच्या कडेवर असते. आईचे हात आणि डोळे पाण्यात, कान धुऱ्याकडे. तिला मूल दिसत नाही, ऐकू येते. साप, विंचू, पाणी आणि पाऊस या चौघांची शंका तिच्या कामाच्या प्रत्येक ओळीत रोवली जाते. येथे गाणे असलेच तर ते मांडीवरच्या मुलाशी केलेली गुजगोष्ट असू शकत नाही. ते ओळीतल्या सर्वांनी मिळून म्हणायचे, दूरपर्यंत पोहोचणारे, लांब श्वासाचे असावे लागते. ओवीच्या आत्मीय एकांताला मराठी मातृत्वाचा सार्वत्रिक आविष्कार मानणाऱ्या विवेचनाने धानपट्टीतील या अंतराचा विचार करायला हवा.

विडीकामाने या जिल्ह्यात तिसरी मांडणी निर्माण केली. घरी बसून, मांडीवर सूप घेऊन, तेंदूपत्ता कापून विड्या वळायच्या, मजुरी हजारावर. मूल पुन्हा जवळ आले, पण मांडीची जागा सुपाने घेतली आणि तंबाखूची धूळ दोघांच्या श्वासात गेली. जात्यावर एक हात मोकळा करता येत असे. विडी वळताना दोन्ही हातांची बोटे गुंतलेली असतात आणि ध्यान आकड्यावर. या कामाला गाणे लाभले काय, हा लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी घ्यावा असा विषय आहे. चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीजच्या खाणींनी याच तालुक्यात कामाचे आणखी एक वेळापत्रक आणले. पाळीच्या भोंग्याने घरातील झोपेची आणि चुलीची वेळ बदलली.

भाषेचा प्रश्नही येथे वेगळा आहे. या भागातील आई झाडीबोलीत बोलते, पोवारी बोलते, गोंडी बोलते, शेजारच्या बालाघाटकडील हिंदी बोलते. मूल शाळेत गेले की प्रमाण मराठी शिकते. 'श्यामची आई' त्याला पाठ्यपुस्तकात भेटते, म्हणजे आईविषयीची उत्तम भाषा त्याला स्वतःच्या आईच्या भाषेपासून दूर गेल्यावर मिळते. झाडीबोली आणि झाडीपट्टीतील दंडार यांचा डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी केलेला अभ्यास या दृष्टीने पायाभूत आहे. दंडारीत स्त्रियांच्या भूमिका परंपरेने पुरुष करीत आले. मंचावरची आई येथेही पुत्राच्या देहातून बोलत होती, हे लक्षात घेतले म्हणजे पहिल्या विभागात वर्णिलेली परंपरा केवळ लिखित साहित्याची नव्हती, हे स्पष्ट होते.

७

बहिणाबाई चौधरींच्या गाण्यांनी या विवेचनाला एक गुंतागुंतीचे वळण मिळते. तरुणपणी विधवा झालेल्या, शेत आणि मुले सांभाळणाऱ्या या स्त्रीची गाणी घरातल्यांनी टिपून ठेवली, आणि तिच्या मृत्यूनंतर, १९५२ साली, पुत्र सोपानदेवांच्या पुढाकाराने व अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती प्रसिद्ध झाली. आईचा शब्द येथे मुलाच्या हातून आला. पुत्राने आईविषयी लिहिले नाही. आईचे लिहून घेतले. मराठी मातृत्वलेखनात हा एक अपवादात्मक आणि अनुकरणीय क्षण आहे. तरीही हे गाणे पुत्र कवी असल्यामुळे वाचले, हे विसरता येत नाही. ज्यांचे पुत्र कवी नव्हते त्यांची गाणी दळणाबरोबर संपली.

म्हणून प्रश्न केवळ विषयाच्या उपेक्षेचा नाही. आईवर लिहिले गेले नाही, अशी तक्रार मराठीत करता येणार नाही. आईच्या भावस्थितीचे जे वर्गीकरण समीक्षेने स्वीकारले त्यात स्नेहाला केंद्र आणि काळजीला कड मिळाली. त्यामुळे 'श्यामची आई' ही साहित्य ठरली आणि 'स्त्री जीवन' हे संकलन. 'स्मृतिचित्रां'तील विनोद हा स्वभावविशेष ठरला आणि 'जिणं आमुचं' हा सामाजिक दस्तऐवज. चारही ठिकाणी एकच द्रव्य आहे. मूल जगेल ना, वाढेल ना, माणसांत बसेल ना, हा दर दिवशी नव्याने विचारावा लागणारा प्रश्न, आणि त्या प्रश्नाच्या फटीतून येणारे क्षणाचे सुख.

अनिष्टशंकेला स्थायीभाव मानले तर या संहिता एका मालिकेत वाचता येतात. तीट, विनोद, अनेकवचन, वीण हे त्या एकाच भावाचे वेगवेगळे अनुभाव ठरतात. आणि कामाची जागा, मुलाचे अंतर, हातांची मोकळीक ही त्याची उद्दीपने. अशा वाचनात आई थोर ठरेलच असे नाही. ती चिडेल, चुकेल, मुलाला मारेल, थकून त्याच्याकडे दुर्लक्ष करील. वत्सल रसाच्या परंपरागत मांडणीत या गोष्टींना रसभंग म्हणावे लागते. काळजीच्या मांडणीत त्या रसाच्याच घटना आहेत. विश्वनाथाने वत्सलाची देवता म्हणून लोकमातांचा निर्देश केला. त्या मातांनी स्वतः या रसाचे शास्त्र लिहिले असते तर संचारी भावांच्या यादीत त्यांनी प्रथम हर्षाचे नाव घातले असते.